सीटखालच्या पिशवीची कबुली

मी सायकलच्या सीटखाली लटकणारी एक काळी पिशवी बोलतेय. रेक्झिनच्या वस्तूला लाज कसली, असं तुम्ही म्हणाल. पण मला आहे. गेले सात आठवडे मी ती पोटात घेऊन बसलेय, आणि पाना-पट्ट्यांसारखी ती काही काढून बाजूला ठेवता येत नाही. म्हणून म्हटलं, कुणाला तरी सांगून टाकावं.

माझा जन्म लातूरचा. गंजगोलाईच्या मागच्या बोळात मडिवाळप्पाचं सीट कव्हर शिवायचं दुकान आहे. एका ट्रॅक्टरच्या सीटचं रेक्झिन कापून उरलेलं होतं, त्यातून मी झाले. संगमेश मोबाइलवर कुठल्यातरी परदेशी पिशवीचा फोटो घेऊन आला होता. मडिवाळप्पाने चष्मा कपाळावर चढवून तो फोटो दोनदा पाहिला, ह्यात काय एवढं, म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी मला त्याच्या हातात ठेवलं. चेन मात्र शाळेच्या जुन्या दप्तराची लावली. त्यामुळे ती आजही कोपऱ्यावर थोडी अडते.

संगमेशचं ठिबकच्या नळ्यांचं दुकान आहे. वय पंचेचाळीस. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी साखर वाढल्याचं सांगितलं आणि त्याने चालायला सुरुवात केली. चालण्याचा कंटाळा आला तेव्हा पातळ टायरची, वाकड्या हँडलची ही सायकल घेतली. पहिल्या महिन्यात औशापर्यंत जाऊन धापा टाकत परत येणारा माणूस वर्षभरात शंभर-शंभर किलोमीटर मारू लागला. मग काय विचारता. गावातल्या सायकलवाल्यांचा ग्रुप झाला आणि हा त्याचा कॅप्टन झाला.

कॅप्टनची खासियत म्हणजे त्याची यादी. लांबच्या राइडला काय न्यावं, हे तो नव्या माणसाला चहा थंड होईपर्यंत समजावून सांगायचा. यादीत नऊ वस्तू होत्या आणि त्या सगळ्या माझ्या पोटात असायच्या. दोन ट्यूबा, ठिगळांची डबी, टायर काढायच्या पट्ट्या, पान्यांचा जोड, साखळीची जादा कडी, असं एकेक. फाटलेल्या टायरच्या आतून लावायला जुन्या टायरचा एक तुकडासुद्धा. त्या तुकड्याला लोक आधी हसायचे, मग स्वतःच्या पिशवीत तसाच कापून ठेवायचे. चिक्क्या आणि ओआरएसच्या पुड्या मात्र तो कधी मोजायचा नाही, संपल्या की भरायचा.

नव्या लोकांपुढे तो मला रिकामी करायचा, नऊ वस्तू ओळीने मांडायचा आणि मोजत मोजत परत भरायचा. अंगावर काही लादू नका, म्हणायचा, शंभर किलोमीटरनंतर खिशातला रुमालसुद्धा जड होतो, सगळं पिशवीत टाका. माना डोलायच्या. मला तर फार गर्व चढला होता. आपल्यात सगळं आहे, आपल्यावाचून कुणाचं अडल्याशिवाय राहत नाही, असं वाटायचं मला.

आता जे सांगायचं ते सांगायला जीभ अडते.

संगमेशचं घर लिंगायतांचं. आठव्या वर्षी दीक्षा झाली तेव्हापासून त्याच्या गळ्यात इष्टलिंग आहे. चांदीची लहानशी डबी, तिच्यात लिंग, आणि ती डबी दोऱ्याने गळ्यात. सकाळी आंघोळ झाली की ते डाव्या तळहातावर घेऊन पूजा करायची आणि पुन्हा गळ्यात घालायचं. ते अंगावेगळं करायचं नाही. त्याची आई, रत्नम्मा, जिला तो अव्वा म्हणतो, त्याला बाकी काही सांगत नाही. दुकान कसं चालवावं, पोरांना कुठल्या शाळेत घालावं, कशातच ती पडत नाही. एवढं एक मात्र तिने त्याच्याकडून वचन म्हणून घेतलेलं आहे.

अडचण अशी झाली की वाकड्या हँडलवर माणूस पुढे ओणवा होतो, आणि मग ती डबी लोंबकळते. खड्ड्यात चाक गेलं की छातीच्या हाडावर टक. पुन्हा खड्डा, पुन्हा टक. अहमदपूरपर्यंतच्या एका राइडनंतर त्याच्या छातीवर निळा डाग पडला होता. पुढच्या महिन्यात तर लातूर ते नांदेड करायचं ठरलं होतं, एकशे चाळीसच्या वर.

घरी देव्हाऱ्यात ठेवून जावं, तर अव्वाला दिसणार. आणि त्याच्या स्वतःच्या मनालाही ते पटणारं नव्हतं. अंगावर ठेवायला त्रास, घरी ठेवायला भीती. मग यादीवाल्या डोक्याने त्यातून वाट काढली. आपल्याबरोबर आहे म्हणजे अंगावरच आहे, असं त्याने स्वतःला समजावलं. राइडच्या पहाटे अव्वाच्या पाया पडून तो अंगणात आला, गळ्यातून डबी काढली, दोरा तिच्याभोवती गुंडाळला, इकडेतिकडे पाहिलं आणि डबी माझ्यात ठेवली. चेन लावली. आणि वर सीटवर बसला.

समजलं ना तुम्हाला? देव माझ्यात, आणि माझ्या वर तो बसलेला. मी काय करणार होते? मला तोंड नाही. पण ओरडता येत नाही म्हणून दुःख झालं, असंही म्हणणार नाही मी. खरं सांगायचं तर मला नुसती गैरसोय वाटली. ट्यूबा एका बाजूला दाबल्या गेल्या होत्या आणि डबीचा कोपरा माझ्या शिवणीला टोचत होता.

निघाले तेव्हा अकरा जण होते. मागून टेम्पो येणार होता, संध्याकाळी सगळ्यांना सायकलींसकट परत आणायला. चाकूर मागे पडलं, शिरूर ताजबंद मागे पडलं, अहमदपूरला पोहे झाले. हरभऱ्याची काढणी चालू होती. संगमेश मजेत होता. छातीवर काही आपटत नाही म्हणून चक्क गाणं म्हणत होता.

माळाकोळीच्या पुढे एका लहान पुलाजवळ पुनमच्या मागच्या चाकात बाभळीचा काटा गेला. पुनम मुरुडच्या शाळेत शिकवते, तिची ही पहिलीच मोठी राइड. कॅप्टन लगेच उतरला. आता दाखवतो कसं करायचं ते, म्हणत त्याने मला खोललं आणि पुलाच्या कठड्यावर रिकामी करायला लागला. सगळ्यात वर ती डबी होती.

शेजारी मल्लिनाथअप्पा पाणी पीत उभे होते. उदगीरचे कापडवाले, साठी उलटलेली. त्यांच्याही गळ्यात लिंग आहे. त्यांनी ते पांढऱ्या कापडात गुंडाळून छातीशी घट्ट बांधलं होतं, शर्टातून त्याचा उंचवटा दिसत होता. इतकं सोपं होतं ते. एक हातभर कापड. यादीत दहावी वस्तू म्हणून लिहिलं असतं तरी चाललं असतं.

संगमेशने त्या उंचवट्याकडे पाहिलं आणि त्याचा हात डबीवर गेला. सीटखालून लिंग काढताना अप्पांनी पाहिलं तर उद्या अर्ध्या उदगीरला आणि परवा अव्वाला कळणार. चाकाकडे बघतोय असं दाखवत तो कठड्याला वळसा घालून पलीकडे गेला, बाहेरच्या अंगाला दगडाची एक पायरी होती, तिच्यावर त्याने डबी ठेवली. कुणालाच दिसली नाही. मग बिनधास्त परत येऊन त्याने पट्ट्या लावल्या, टायर उचकटला, काटा काढून सगळ्यांना दाखवला, ट्यूब बदलली, हवा भरली. पुनमने दोनदा आभार मानले. त्याने वस्तू भरायला घेतल्या. पुनमची फाटकी ट्यूब आपल्या ट्यूबच्या जागी धरून त्याने मोजल्या. नऊ. यादीत नऊ होत्या, नऊ भरल्या. चेन लावली.

मला कळलं होतं. इथेच माझी कबुली आहे. नऊच वस्तू आत आल्या, टोचणारं काही आलं नाही, हे मला त्याच क्षणी कळलं होतं. चेन नेहमी कोपऱ्यावर अडते. त्या दिवशी मी ती जोर लावून अडवून धरली असती, तर त्याने वाकून आत पाहिलं असतं. पण मला हलकं वाटत होतं. ट्यूबा आपापल्या जागी नीट बसल्या होत्या. मी सुखावले, आणि चेन तेवढी एकदा सरळ बंद झाली.

नांदेडला गोदावरीच्या घाटावर पोचलो तेव्हा साडेबारा वाजले होते. फोटोच्या आधी हातपाय धुऊन लिंग गळ्यात घालावं म्हणून तो सायकल घेऊन बाजूला गेला. चेन उघडली. आधी बोटांनी चाचपलं, मग सगळं घाटाच्या पायरीवर ओतलं, मग मला उलटी करून माझं अस्तर बाहेर काढलं. त्याचा हात अस्तरावर नुसता फिरत राहिला. मग तो पायरीवर बसला. इतका वेळ बसला की पुनम बोलवायला आली. त्याने तिला सांगितलं, चष्मा विसरलाय रस्त्यात, घेऊन येतो. मल्लिनाथअप्पा टेम्पो पाठवतो म्हणाले, तर नको म्हणाला. टेम्पोवाल्याला काय शोधायचं ते सांगावं लागलं असतं.

पंचेचाळीस किलोमीटर उलटं जायचं होतं, डोक्यावर ऊन आणि समोरून वारा. त्या अंतरात तो सीटवर फारसा टेकला नाही. पायडलवर उभा राहून मारत होता, थकला की उतरून पळत होता, पुन्हा चढत होता. सोनखेड मागे पडलं. लोहा मागे पडल्यावर पुटपुटायला लागला. कुणी उचलून नेली असेल. चांदी आहे, नेणारच. अव्वाला काय सांगू. असं तेच तेच. आणि मी खाली नऊ वस्तू घेऊन कोरडी हलत होते.

पूल दिसला तेव्हा तीन वाजून गेले होते. कठड्याच्या बाहेरच्या अंगाला, खाली शेताच्या बाजूला, एक बाई बसलेली होती. पन्नाशीची असेल. डोक्यावर पदर आणि वर पोत्याची खोळ. हातात हरभऱ्याचा वाळका डहाळा होता आणि त्याने ती कावळा हाकत होती. तिच्यासमोर दगडावर डबी होती. जशी ठेवली होती तशीच, दोऱ्याचं वेटोळंसुद्धा तसंच.

संगमेशने सायकल टाकली आणि खाली उतरला. ती उठून उभी राहिली.

"तुमचाच हाय का ह्यो देव?"

"हाव, मावशी. माझाच."

"मी हात लावला न्हाई दादा. आमच्या गावातल्या अप्पांच्या गळ्यात असाच हाय. दुसऱ्यानं हात लावू न्हाई मन्त्यात. आन् सोडून जावं तर पोरंढोरं हैत, मेंढरं हैत. मनून बसून राहिले."

कधीपासून, हे त्याने विचारलं नाही. तुमच्या सायकली गेल्या तवापासून, असं तिनेच सांगितलं. म्हणजे पाच तास.

त्याने डबी उचलली. कपाळाला लावली. आता एवढं झाल्यावर काहीतरी बोलायला हवं, म्हणून तो बोलला, आणि तो नसता बोलला तर बरं झालं असतं.

"दोरा तुटला हो मावशी. गळ्यातून पडली."

बाईने दोऱ्याकडे पाहिलं. पाच तास तिच्यासमोर तो पडलेला होता, गाठ शाबूत, कुठे एक धागा सुटलेला नाही. तिने पुन्हा त्याच्याकडे पाहिलं.

"तुटतंय एखांद्या टायमाला," ती म्हणाली. "घट बांधा आता."

त्याचे कान लाल झाले. त्याने लिंग गळ्यात घातलं, शर्टाच्या आत ढकललं. आणि मग त्याला चक्कर आली. सकाळच्या पोह्यांनंतर त्याच्या पोटात काही नव्हतं. तो दगडावर बसला, मला उघडून चिक्क्या काढल्या आणि एकापाठोपाठ एक तिन्ही खाल्ल्या. बाई म्हणाली, सावकाश खावा. तिने आपली पाण्याची बाटली पुढे केली. त्याने तीही संपवली. शेतातून कुणीतरी तिला हाक मारत होतं, तिने हाताने थांबा अशी खूण केली. हा उठला, हात जोडले, येतो मावशी म्हणाला, आणि लाज लपवायची घाई असलेल्या माणसासारखा सायकलवर चढून निघालासुद्धा. संध्याकाळी माळाकोळीच्या फाट्यावर टेम्पोने त्याला उचललं. चष्मा सापडला का, मल्लिनाथअप्पांनी विचारलं. सापडला, म्हणाला.

घरी सायकल स्वयंपाकघराच्या दाराशी भिंतीला टेकून उभी असते, त्यामुळे मला सगळं ऐकू येतं. दोन दिवस तो पूजेला बसायचा आणि उठायचा. तिसऱ्या दिवशी लिंग तळहातावर घेऊन तो नुसता बसून राहिला. भस्म नाही, बेल नाही. अव्वा ज्वारी निवडत होती. त्यानेच सांगितलं. पिशवीत ठेवलेलं सांगितलं, सीटखालची म्हणून सांगितलं, पुलावर विसरलेलं, घाटावर खोटं बोललेलं, त्या बाईशी खोटं बोललेलं, सगळं सांगितलं. सांगताना मान वर केली नाही.

मी वाट बघत होते की आता अव्वा कडाडणार. तिने सुपातले दोन खडे बाजूला टाकले.

"देवाचं काय घेऊन बसलास," ती म्हणाली. "तुझ्या बुडाखाली बसला, पुलावर बसला, त्याचं तो बघून घेईल. त्या बाईचं नाव काय, संगप्पा?"

त्याला माहीत नव्हतं.

"गाव?"

तेही विचारलं नव्हतं.

अव्वाने सूप खाली ठेवलं. मग तिने विचारलं, "सकाळधरनं बसली होती म्हणतोस. जेवली होती का रे ती?"

संगमेशने डोळे मिटून घेतले. तळहातावरचं लिंग त्याने छातीशी धरलं आणि तो रडला. पंचेचाळीस वर्षांचा माणूस, दुकानात चार माणसं हाताखाली असलेला, आईसमोर शाळकरी मुलासारखा रडला. अव्वाने त्याला गप्प केलं नाही.

त्यानंतर तो नांदेडच्या रस्त्याला गेलेला नाही. ग्रुपला सांगतो, मुरुडकडे जाऊ, तो रस्ता चांगला आहे. कॅप्टनपद पुनमला दिलं. लिंग आता पांढऱ्या कापडात छातीशी घट्ट बांधतो, कुणी पाहिलं तर पाहू दे म्हणतो. यादी मात्र कुणाला सांगत नाही. दर सोमवारी अव्वा विचारते, गेला होतास का रे. तो नाही म्हणून मान हलवतो. कुठल्या तोंडाने जाऊ, असं एकदा म्हणाला. जे तोंड आहे त्याच तोंडाने, असं ती म्हणाली.

आज रविवार आहे. अव्वा लवकर उठून शेंगापोळ्या करत होती, वास इथवर येतोय. आता तिने त्या एका डब्यात भरल्या, डबा कापडात बांधला, आणि बाहेर येऊन तो माझ्या वर, सीटच्या मागच्या टोकाला, दोन गाठी मारून घट्ट आवळला. संगमेश पायरीवर बसून बूट घालतोय. त्याने डबा पाहिलाय. बुटाची नाडी तिसऱ्यांदा सोडून बांधतोय.

संगमेश, त्या दिवशी शेतातून हाक आली होती, ती तू ऐकली नाहीस. मी ऐकली. "सिंधु, ये की आता, तुझ्यावाचून भाकरी तशीच पडली हाय," अशी होती ती हाक. तिचं नाव सिंधु आहे. ती जेवली नव्हती. मला हे तुला सांगता येत नाही, पण रस्त्यावर कुणी ना कुणी तुला सांगेल. तू फक्त कोपऱ्यावरून डावीकडे मुरुडला वळू नकोस. सरळ चल.